हात लावला तर डाव बाद

मी एक जुना सोफा आहे, मित्रांनो. तीन माणसांचा, लाकडी हातांचा आणि स्वभावाने वैतागलेला. जुना हा शब्द मी स्वतःच वापरून टाकतो, कारण घरात येणारा प्रत्येक पाहुणा तो माझ्या तोंडावर वापरतोच. बसतो, माझी करकर ऐकतो आणि म्हणतो, "आता बदला की हा!" माझ्याच मांडीवर बसून मलाच घालवून देण्याच्या गोष्टी. जनाची नाही तर मनाची तरी असावी माणसाला.

पण माझा खरा वैताग तो नाही. माझा वैताग दोन खेळांचा आहे. बघायला जास्त कंटाळवाणे काय, मोटारींची शर्यत की फुटबॉल, या एका प्रश्नाने माझी उमेदीची वर्षे खाल्ली. आणि त्याच प्रश्नापायी एका रविवारी माझ्या डाव्या बैठकीवरचा माणूस मरणाच्या दारात जाऊन उभा राहिला. मला ते सगळ्यांच्या आधी कळले होते. कळून उपयोग काय? ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून ऐका.

माझा जन्म एका गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, दोन खोल्या. पुढच्या खोलीत सुतार रंधा मारायचा आणि मागच्या खोलीत बैठका भरणारा कारागीर बसायचा. त्याच्या तोंडात कायम बारीक खिळे असत, त्यामुळे तो बोलायचा कमी आणि बोललाच तर दातांतून. त्याने माझ्या पोटात स्प्रिंगा बसवल्या आणि एकेक स्प्रिंग सुतळीने वेगळी आवळली. वर काथ्या, त्यावर स्पंज आणि त्यावर जाड हिरवे कापड. सुतार घाई करत होता. "अरे, सगळ्या एकदम बांधून टाक की. आतलं कोण बघायला येतंय?" कारागिराने खिळे तळहातावर काढले आणि म्हणाला, "बघत कुणी नाही. पण बसणाऱ्याला कळतं."

बसणाऱ्याला कळले की नाही ते मला ठाऊक नाही, पण त्या हट्टामुळे मला मात्र कळू लागले. माझ्यावर कोण बसले आहे, आरामात बसले आहे की उठायच्या बेतात आहे, जागे आहे की पेंगते आहे, सगळे मला स्प्रिंगांतून समजते. जागा माणूस सारखा चुळबुळ करतो. खरा झोपणारा आपले वजन हप्त्याहप्त्याने माझ्या हवाली करतो. आधी खांदे, मग कंबर, सगळ्यात शेवटी पाय. सोंग करणारा वजन देतच नाही. डोळे मिटलेले असतात, पण पोट आवळलेले असते. ही विद्या माझ्याकडे आहे आणि ती सांगायला तोंड नाही. यापेक्षा मला विद्या नसती तर बरे झाले असते.

मला विकत घेतले ते घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांच्या मुलाचे लग्न ठरले होते आणि मुलीकडची मंडळी घरी यायची होती. माझ्यावर पहिला बसलेला पाहुणा म्हणजे मुलीचे वडील. ते बस चालवायचे. पुढच्याच थांब्यावर उतरायचे असल्यासारखे ते माझ्या अगदी काठावर बसले आणि माझ्या हातावरून हात फिरवून म्हणाले, "वा, सोफा छान आहे हो." घड्याळवाल्यांची छाती फुगली. ते दिवस माझे कौतुकाचे होते. फक्त एक गोष्ट खटकायची. माझ्यावरचे प्लास्टिकचे आवरण काढायला कुणी तयार नव्हते. "खराब होईल" म्हणून कित्येक वर्षे मी गुदमरत होतो. उन्हाळ्यात पाहुणे उठले की चर्रकन आवाज व्हायचा आणि पाहुणा मागे वळून बघायचा. सोफा वापरायला घेतात की लोणच्यासारखा बांधून ठेवायला, हे मला अजून कळलेले नाही.

मग घरात नात जन्मली आणि तिने ते प्लास्टिक दातांनी फाडले. तिचे मी आजही आभार मानतो. पुढे तिने माझ्यावर दूध सांडले, शाई सांडली, उड्या मारून दोन स्प्रिंगा वाकवल्या, ते सोडा. हिरवा रंग विटला. डाग झाकायला माझ्यावर जुनी चादर आली. कौतुकही तिच्याखाली गेले.

दिवस जात राहिले. घड्याळवाल्यांची बायको वारली. पुढे बसवाल्यांचीही बायको वारली, आणि त्यांच्या मुलीने हट्टाने वडिलांना आपल्या घरी आणले. "चार दिवस येतो," असे म्हणत ते एक बॅग घेऊन आले. चार दिवसांची चार वर्षे झाली, पण ती बॅग त्यांनी कधी पलंगाखाली सरकवली नाही. ती दाराशी उभीच. लेकीच्या घरी राहतो, तेही व्याह्यांच्या छपराखाली, ही गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. चहा हवा असेल तरी मागायचे नाहीत. "झाला तर घेईन," एवढेच म्हणायचे. भूक लागली हे शब्द तर त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत.

नात एकाला ड्रायव्हरआजोबा म्हणायची आणि दुसऱ्याला घड्याळआजोबा. मीही तेच म्हणतो. ड्रायव्हरआजोबा माझ्या डाव्या बैठकीवर, घड्याळआजोबा उजव्या. मधली बैठक रिकामी. व्याही-व्याही म्हणजे मानाचे नाते, खेटून कसे बसणार? दोघांना एकमेकांशी भांडता येत नव्हते. घरात कुणाचे चुकते, कुणाचा खोकला मोठा, कुणाला वर्तमानपत्र आधी, या सगळ्या गोष्टी गिळून टाकायच्या. मग ते भांडण बाहेर कुठून पडणार? समोरच्या टीव्हीतून.

ड्रायव्हरआजोबांना मोटारींची शर्यत आवडायची. दिसायला रस्त्यावरच्यासारख्या मोटारी, पण आतून सगळ्या बदललेल्या. अंगभर रंगीबेरंगी जाहिराती. अंड्याच्या आकाराची वाट, तिच्यावर एकामागे एक चाळीसेक गाड्या आणि सगळ्यांनी एकाच बाजूला वळायचे. मित्रांनो, मी खोटे सांगत नाही, तास न् तास त्या डावीकडेच वळतात. जेवून या, आंघोळ करून या, त्या डावीकडेच वळत असतात. आवाज मात्र असा, की गिरणीत बसल्यासारखे वाटावे.

घड्याळआजोबांना फुटबॉल. हिरवेगार मैदान, बावीस धडधाकट माणसे आणि एक चेंडू. चेंडू पुढे जातो. आता काहीतरी होणार म्हणून मीसुद्धा स्प्रिंगा आवळतो. तो मागे येतो. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. कुणी कुणाला जरासा लागला की पडून असा लोळतो, जणू हाड मोडले. दोन मिनिटांनी तोच उठून हरणासारखा पळतो. दीड तासाने शिट्टी वाजते. शून्य-शून्य.

"व्याही, राग मानू नका," घड्याळआजोबा अदबीने सुरुवात करायचे, "पण जन्मभर स्टेशन ते बाजार ते स्टेशन गोल फिरलात. अजून हौस फिटली नाही?"

"छे, राग कसला," ड्रायव्हरआजोबा तितक्याच अदबीने म्हणायचे. "पण दीड तास फिरून माझी बस रिकामी परत आली असती ना, तर साहेबांनी मला घरी बसवलं असतं. तुमच्या लोकांना मात्र टाळ्या मिळतात."

"गोल होत नाही म्हणूनच गोलाला किंमत, व्याही."

"आणि वळण सोपं वाटतं म्हणूनच ते अवघड. टायर किती झिजलाय, पुढच्याच्या किती मागे राहायचं, पेट्रोलला कधी थांबायचं, सगळं डोक्यात चालू असतं त्याच्या. तुम्हाला दिसत नाही, एवढंच."

"बरोबर आहे. दिसत नाही म्हणूनच झोप येते."

हे मी किती वेळा ऐकले असेन? माझ्या जागी दगड असता तर त्यालाही घाम फुटला असता. आणि माझे मत कुणी विचारले नाही. विचारले असते तर सांगितले असते, की दोन्ही सारखेच कंटाळवाणे आहेत, टीव्ही बंद करा आणि मला जरा उन्हात ठेवा.

शेवटी एक दिवस सूनबाईचा संयम सुटला. सूनबाई म्हणजे घड्याळआजोबांची सून आणि ड्रायव्हरआजोबांची लेक. दोघांच्या मध्ये भरडली जाणारी तीच. हातातला झारा तसाच घेऊन ती बाहेर आली. "बाबा, अण्णा, पुरे झालं आता! एक रविवार शर्यत, एक रविवार फुटबॉल. ज्याच्या खेळात समोरचा झोपेल, तो खेळ कंटाळवाणा. विषय संपला."

विषय संपला? विषय सुरू झाला. पहिल्याच फुटबॉलच्या रविवारी ड्रायव्हरआजोबा खरेच पेंगले. घड्याळआजोबांनी घसा खाकरला, मग कोपर मारले आणि त्यांना उठवून बसवले. ड्रायव्हरआजोबा भडकले. भडकले म्हणजे अदबीने. "हे बरं नाही हो, व्याही. झोपलेल्याला उठवणं ही लबाडी झाली. नियम करू. शेवटच्या शिट्टीपर्यंत झोपला तर गुण धरायचा, आणि मध्ये कुणी उठवायचं नाही. हात लावला तर डाव बाद."

हा नियम ड्रायव्हरआजोबांनी स्वतः केला, हे लक्षात ठेवा. नातीला पंच नेमले. ती खूष झाली. समोरच्या वेताच्या मोड्यावर मांडी घालून ती दोघांवर डोळा ठेवू लागली.

पुढे जे व्हायचे तेच झाले. गुण झोपणाऱ्याला मिळतो म्हटल्यावर जागे राहणार कोण? घड्याळआजोबा शर्यतीला घोरू लागले. त्यांचे सोंगाचे घोरणे इतके ठेक्यात असायचे की कुणीही ओळखावे. ड्रायव्हरआजोबा फुटबॉलला मान मागे टाकून तोंड उघडे ठेवायचे, पण गोल झाला की एक पापणी हळूच उचलायचे. नात ओरडायची, "पकडलं!" सगळे हसायचे. मला खालून सगळे कळायचे. सोंग आहे, सोंग आहे, हे मला पहिल्याच मिनिटाला ठाऊक असायचे, आणि ही मंडळी दीड-दीड तास माझ्यावर पोट आवळून पडायची. खेळ बघायचा कुणीच नाही. यापेक्षा कंटाळवाणा खेळ जगात कुठे असेल तर दाखवा.

तर तो रविवार फुटबॉलचा होता.

सकाळपासून घरात गडबड होती. सूनबाईचा नवरा कामावर गेला होता. भाजी शेगडीवर असतानाच गॅस संपला आणि भरलेले सिलिंडर मिळेना. सूनबाई फोनवर फोन करत होती. "बाबा, अण्णा, आज जेवायला जरा उशीर होईल हं!" ती आतून म्हणाली. घड्याळआजोबांनी डब्यातली चार बिस्किटे खाल्ली आणि डबा पुढे केला. ड्रायव्हरआजोबांनी हात जोडले. "नको, नको. मला काही घाई नाही."

त्यांना साखरेचा आजार होता. जेवणाआधी एक गोळी घ्यायची आणि गोळीमागोमाग जेवायचे, नाहीतर अंगातली साखर एकदम खाली जाते, असे डॉक्टरांनी बजावले होते. बस जशी वेळेवर सोडायचे तशी त्यांनी गोळी नेहमीच्या वेळी घेऊन टाकली होती. गोळी घेतली आहे, जेवण हवे आहे, एवढेच सांगायचे होते. पण लेक घामाघूम होऊन सिलिंडरच्या मागे लागली असताना, व्याह्यांच्या घरात, जेवण कसे मागायचे? ते गप्प बसले आणि सामना सुरू झाला.

मला पहिल्यांदा त्यांचा हात जाणवला. माझ्या लाकडी हातावर त्यांचा पंजा थरथरत होता. मग चुळबुळ सुरू झाली, पण नेहमीची नाही. कुठे बसलो आहोत हे विसरल्यासारखी. घड्याळआजोबा काहीतरी म्हणाले, त्याला ते उत्तर देईनात. थोड्या वेळाने एकदम म्हणाले, "स्टेशन आलं का?"

नात खुदकन हसली. "आजोबांचं आज नवीन सोंग!"

"आलं, आलं," घड्याळआजोबा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "सावकाश उतरा."

आणि मग ड्रायव्हरआजोबांचे वजन माझ्यावर आले. खांदे आधी नाहीत, कंबर मग नाही. खांद्यावरचे पोते निसटून पडावे तसे सगळे एकदम. मान माझ्या कडेवर कलंडली. चादरीतून, विटलेल्या कापडातून, स्पंजातून गार घाम माझ्या काथ्यापर्यंत झिरपला. अहो, झोपलेल्या माणसाचे अंग ऊबदार असते! मी कितीतरी दुपारी ती ऊब सांभाळली आहे. हे सोंग नव्हते आणि ही झोपही नव्हती.

मित्रांनो, माझा किती संताप झाला म्हणून सांगू! समोर दोन माणसे बसली आहेत, त्यांना डोळे आहेत, कान आहेत, हात आहेत. आणि ती काय करत आहेत? एक चेंडूकडे बघतो आहे, दुसरी पंच म्हणून बोट उगारून बसली आहे, "कुणी हात लावायचा नाही हं, शिट्टी व्हायची आहे!" मला वाटले, निदान करकर करावे. रोज नको तेव्हा करकरतो, आज एकदा कामाची करकर करावी. पण सोफ्याला करकर करायलासुद्धा वर बसलेला माणूस हलावा लागतो. आणि ते हलत नव्हते.

सूनबाई एकदा दारात डोकावली. "झोपले का बाबा?"

"सोंग आहे," घड्याळआजोबा म्हणाले. "बघ ना, तोंडसुद्धा उघडं ठेवलंय. चालू दे त्यांचं."

"मग राहू दे. गॅस आला की उठवते." आणि ती गेली.

चेंडू पुढे जात होता, मागे येत होता. इतका लांबलचक सामना मी जन्मात पाहिला नाही. काहीच होत नव्हते, आणि माझ्या डाव्या बैठकीवर एक माणूस जात होता. फुटबॉल कंटाळवाणा आहे असे मी हजार वेळा म्हटले असेल, पण त्या दिवशी मला त्याचा पहिल्यांदा राग आला. कुणीतरी गोल करा रे, मी मनात ओरडत होतो. काहीतरी करा, म्हणजे हे दोघे उठतील तरी.

आणि कुठल्याशा लांबच्या मैदानावर कुणीतरी गोल केला. घड्याळआजोबा ताडकन उठले. "गोल! बघितलंत का व्याही? याला म्हणतात गोल!" ते वळले आणि पापणी उचलली जायची वाट बघत उभे राहिले. पापणी उचलली गेली नाही.

"आज पक्की तयारी आहे वाटतं," ते हसत म्हणाले. "बरं. मग ऐका. तुमची ती शर्यत म्हणजे घाण्याचे बैल."

उत्तर नाही.

"बैलसुद्धा बरे. ते तेल तरी काढतात."

उत्तर नाही. घड्याळआजोबांचे हसू जरा कमी झाले. ते माझ्या मधल्या बैठकीवर येऊन बसले. इतक्या वर्षांत तिथे ते पहिल्यांदा बसले होते. मग त्यांनी एक अशी गोष्ट म्हटली, जी त्यांनी एरवी मेले तरी म्हटली नसती. "बस काय, कुणीही चालवेल. त्यात काय मोठंसं आहे?"

यावर ड्रायव्हरआजोबा थडग्यातून उठून भांडले असते. ते उठले नाहीत. घड्याळआजोबांनी हात पुढे केला आणि त्यांचे मनगट धरले.

"हात लावला!" नात मोड्यावरून उडी मारून ओरडली. "घड्याळआजोबा, हात लावलात! डाव बाद!"

"बाद तर बाद!" घड्याळआजोबांचा आवाज असा फुटला की माझ्या सगळ्या स्प्रिंगा झणझणल्या. "आईला बोलव! पळ! अहो व्याही... अहो, डोळे उघडा. सूनबाई! अगं ये लवकर, हे गार पडलेत!"

सूनबाई धावत आली. साखरेचे पाणी घेऊन ती तोंडाशी नेणार, तेवढ्यात नातीने खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना ओढत आणले. त्या आल्या आल्या म्हणाल्या, "तोंडात काही ओतू नका, शुद्ध नाहीये. ठसका लागेल. दवाखान्याची गाडी बोलवा आधी." मग त्यांनी विचारले, "गोळी घेतली होती? आणि जेवले होते?"

सूनबाई खाली बसली, वडिलांचे पाय धरून. "बाबा, भूक लागलीय एवढं म्हणायचं होतं हो. माझ्याकडेच मागायचं होतं ना? परकी आहे का मी?"

गाडी आली. चौघांनी त्यांना माझ्यावरून उचलले. सगळे गेले. दार उघडेच राहिले आणि टीव्हीही चालूच राहिला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हते. एक-शून्य. माझ्या डाव्या बैठकीवर ओला डाग होता. लोक मैदानावर नाचत होते आणि ते मला बघावे लागत होते, कारण मला मानही फिरवता येत नाही.

त्यानंतर बरेच दिवस माझ्यावर कुणी बसले नाही. येणारे-जाणारे उभ्या उभ्या बोलायचे. त्यावरून मला कळले, की ड्रायव्हरआजोबा शुद्धीवर आले आहेत, पण मेंदूला साखर मिळायला फार वेळ गेला. आणखी जरा आधी आणले असते तर बरे झाले असते, असे डॉक्टर म्हणाले. हे वाक्य घड्याळआजोबांनी नर्सबाईंना सांगितले ते खिडकीकडे तोंड करून. सामन्याच्या पूर्वार्धातच हात लावता आला असता, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि आता माणसांचा न्याय ऐका. सूनबाईचा नवरा एका संध्याकाळी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा सोफाच काढून टाकू. यात माणूस रुततो आणि झोपतो. दोन ताठ खुर्च्या आणू." म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! सगळ्या घरात ज्याला खरी गोष्ट माहीत होती, त्यालाच शिक्षा. पण घड्याळआजोबा म्हणाले, "सोफा राहील. सोफ्यानं काय केलंय? बसायचं आम्हाला कळलं नाही." त्या माणसाने माझ्या प्लास्टिकखालच्या सगळ्या वर्षांची भरपाई त्या दोन वाक्यांत केली.

ड्रायव्हरआजोबा घरी आले ते नातीच्या खांद्यावर हात ठेवून. बोलताना त्यांना शब्द उशिरा सापडत होते. पेला धरला की हिंदकळायचा. दाराशी उभी असलेली ती बॅग दिसेना म्हणून ते शोधू लागले, तर लेकीने सांगितले, "कपडे कपाटात लावलेत. बॅग माळ्यावर टाकलीय." त्यांनी वाद घातला नाही. माझ्यावर येऊन बसले. काठावर नाही, पाठ टेकून बसले. आणि थोड्या वेळाने, एकेक शब्द गोळा करत, म्हणाले, "मला... भूक लागलीय."

सूनबाई स्वयंपाकघरात इतक्या वेगाने पळाली की तिच्या हातून झाकण पडले आणि घरभर घरंगळत गेले. कुणी तिला रागावले नाही.

पहिला रविवार शर्यतीचा होता. घड्याळआजोबांनी स्वतः टीव्ही लावला आणि मधल्या बैठकीवर बसले. गाड्या डावीकडे वळू लागल्या. थोड्याच वेळात ड्रायव्हरआजोबांचे खांदे सैल झाले, मग कंबर, मग पाय. दमलेल्या माणसाची खरी, ऊबदार झोप. स्वतःच्या आवडत्या शर्यतीत, ऐन रंगात आली असताना ते झोपले! जुना नियम असता तर हा घड्याळआजोबांचा सगळ्यात मोठा विजय ठरला असता. ज्याचा खेळ, तोच झोपला, आणखी पुरावा काय हवा? नातीने तोंड उघडले, पण घड्याळआजोबांनी बोट ओठांवर ठेवले. दुसऱ्या हाताने त्यांनी ड्रायव्हरआजोबांचे मनगट हलकेच धरले आणि ते धरूनच बसून राहिले.

आणि ते जागे राहिले. त्यांना कंटाळा आला होता, हे मी शपथेवर सांगतो. त्यांचा एकेक स्नायू आळसावलेला मला कळत होता. जांभया गिळल्या की त्यांचा गळा वाजायचा. तरी डोळे टीव्हीवर. कोणती गाडी कधी थांबली, कुणाचे टायर बदलले, कोण कुणाच्या मागे राहिला, सगळे ते बघत होते, पुटपुटून लक्षात ठेवत होते. मीही बघत होतो. वैताग आला होता, मित्रांनो. फार वैताग आला होता. तरी टीव्ही बंद व्हावा असे मला त्या दिवशी वाटले नाही.

शर्यत संपल्यावर ड्रायव्हरआजोबांनी डोळे उघडले. "कोण... जिंकलं?"

"ती निळी गाडी. शेवटच्या पेट्रोलला थांबलीच नाही, तिथेच पुढे गेली. तांबडीचा टायर झिजला होता, ती वळणावर मागे पडली."

ड्रायव्हरआजोबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. "कंटाळा आला... ना?"

"भयंकर," घड्याळआजोबा म्हणाले. मनगट त्यांनी अजून सोडले नव्हते. "जीव गेला माझा. पुढची कधी आहे?"

मित्रांनो, मोटारींची शर्यत जास्त कंटाळवाणी की फुटबॉल, हा निकाल अजून लागलेला नाही आणि माझ्या हयातीत लागेल असे दिसत नाही. तुम्ही तो खुशाल लावत बसा. माझ्यावरची चादर कधीतरी धुवा, माझ्या दोन वाकलेल्या स्प्रिंगा सरळ करून घ्या, हेही सांगणार होतो, पण ते राहू द्या. एवढेच करा. शेजारी बसलेला माणूस फार वेळ गप्प झाला, तर खेळ कितीही रंगात असू दे, त्याच्याकडे वळून बघा. जेवलात का, असे विचारा. उत्तर आले नाही तर हात लावा. मला सगळे कळत होते, पण मला हात नव्हते. जे आहेत ते नुसते टेकायचे, लाकडाचे. तुमचे तसे नाहीत.